एक्केचाळिसांतले खरे किती?

"बाय, उठ गो. ही तीन नंबरची सीट."

सात वाजायला दहा मिनिटं होती. लालबागच्या नाक्यावर झोनची बस उभी होती, काचांवर आषाढातल्या सरीचे थेंब ओघळत होते, आणि किर्ती नाखवा मांडीवर फायलींची पिशवी घेऊन नुकतीच कुठे टेकली होती. समोर एक साठी उलटलेले गृहस्थ डबा छातीशी धरून उभे. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य. कोणीतरी आपल्या पाटावर येऊन बसावं तसं.

"नंबर कुठे लिहिलाय, काका?"

"लिवक कशाक व्हया? सगळ्यांका म्हायत आसा."

"बुधाजीकाका, पाहुण्या आहेत त्या. बसू दे की." मागून आवाज आला.

"पाहुणी म्हणान काय तीन नंबरार?"

किर्तीने वळून पाहिलं. ओली छत्री मिटत एक तरुण बसमध्ये चढत होता. उंच, सावळा, दाढी दोन दिवसांची. शर्ट मात्र कडक इस्त्रीचा. किर्तीला पहिल्या नजरेत माणसाची जमा आणि नावे बाजू मांडायची सवय होती. तिने जमेकडे शर्ट धरला आणि दाढी... दाढीचं नंतर ठरवू म्हणून सोडून दिली.

"तुम्ही इथे बसा, माझ्या शेजारी," तो म्हणाला. "माझ्या सीटला नंबर नाही."

"का? कामावरून काढलंय तुम्हाला?"

"अजून नाही. तुम्ही त्यासाठीच आलायत ना?"

म्हणजे पत्र पोचलं होतं तर. हाच राजस घाडीगावकर, लेबल युनिटचा मालक.

कागदावर त्या जागेचं नाव मुक्त व्यापार क्षेत्र असं भारदस्त होतं. लालबागमध्ये सगळे नुसतं झोन म्हणत. खाडीपलीकडे सरकारने कुंपण घालून दिलेली जागा. आत बाहेरदेशातून धागा आणा, जकात नाही. माल बनवा, बाहेरदेशात पाठवा, कर नाही. सरकारने आठ वर्षं या पैशावर असं पाणी सोडलं आणि आता विचारत होतं, की बाबांनो, आमचं गेलं ते दिसतंय, आलं काय? ते मोजायचं काम परळच्या एका संशोधन संस्थेकडे आलं, आणि संस्थेने ते किर्तीच्या टेबलावर ठेवलं. नियम सोपा होता. एखाद्या युनिटने जितके नवीन रोजगार दिल्याचं लिहिलंय, त्यातले निम्म्याहून जास्त खरे निघाले तर गाळा आणखी दहा वर्षांसाठी. नाहीतर तीन. आणि तीन वर्षांच्या गाळ्यावर बँक नवीन मागासाठी कर्ज देत नाही.

राजसने लिहिलं होतं एक्केचाळीस.

बाकीचे सहकारी हे आकडे एसीत बसून तपासत. किर्ती वरळी कोळीवाड्यातली. तिची आई बकुळा गिऱ्हाइकाला माशाचे कल्ले उघडून दाखवायची. लेक आकड्यांचे कल्ले उघडून बघायची. म्हणून ती थेट कामगारांच्या बसमध्ये.

बस निघाली. किर्ती खिडकीबाहेर बघत असल्यासारखी आत बघत राहिली. बुधाजी तीन नंबरवर. चारवर एक बाई जप करत होती. सहा नंबर रिकामी, आणि काळाचौकीला चढलेले दोन पोरगे दांड्याला धरून उभे. सीटकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

"ती रिकामी आहे की," किर्ती म्हणाली.

"बाळंतपणाच्या रजेवर आहे सहा नंबर," राजस म्हणाला. "मुलगी झाली. पेढे हवेत?"

"लाच म्हणून?"

"पेढ्यात लाच? एवढ्या स्वस्त दिसत नाही तुम्ही."

किर्तीने खिडकीकडे तोंड फिरवलं. काचेत तिचं हसू स्पष्ट दिसत होतं, हे तिच्या लक्षात आलं नाही. त्याच्या आलं.

झोनमध्ये पोचल्यावर तिने युनिट पाहिलं. कपड्याच्या कॉलरमागे असतात ती विणलेली लेबलं. परदेशी नावं, बोटाएवढ्या रुंद पट्ट्यांवर, रेशमासारखी उतरत होती. मशीनवर ए-एक, बी-दोन अशा पाट्या.

"काका, तुमचं मशीन कुठलं?"

"बी-दोन."

"मग बसमध्ये तीन नंबर कसा?"

"ता लालबागच्या गाळ्यातला," बुधाजी अभिमानाने म्हणाले. "थंय माझो माग तीन नंबर. तेरा वर्सां."

त्यांच्यामागे उभ्या राजसने डोळे मिटून घेतले.

केबिनमध्ये चहा आला. किर्तीने फॉर्म समोर ठेवला. एक्केचाळीस नवीन रोजगार, एक्केचाळीस नियुक्तिपत्रं, सगळी एकाच तारखेची.

"बसमध्ये मी चौतीस नंबर मोजले, मिस्टर घाडीगावकर. सीटचा नंबर म्हणजे जुन्या मागाचा नंबर. म्हणजे चौतीस माणसं तुमच्या लालबागच्या गाळ्यातून मागांसकट इथे आली. पत्रं नवीन, माणसं जुनी."

"कन्सल्टंटने भरलं ते."

"आणि सही?"

"माझी." त्याने कप बाजूला ठेवला. "वाचून केलेली."

हे 'वाचून' त्याने म्हटलं नसतं तरी चाललं असतं. किर्तीने मनातल्या मनात दाढीही जमेला टाकली.

"म्हणजे खरे नवीन सात," ती म्हणाली.

"चूक!" तो पुढे झुकला. "लालबागचं ते कंपाउंड पडलंच असतं, मॅडम. टॉवर आलाय तिथे. झोन नसता तर हे चौतीस आज कुठे असते? ते मोजा ना!"

"नसतं तर काय झालं असतं, हे कसं मोजणार? ते घडलेलंच नाही."

"तुम्ही शिकलायत ना त्यातलं? मी बीकॉम सेकंड क्लास."

किर्तीने पेन टेबलावर दोनदा आपटलं. मग एकदम विचारलं, "कंपाउंडमध्ये आणखी गाळे होते?"

"सहा. सगळे लेबलवालेच."

"त्यांना झोन मिळाला?"

"नाही. बंद झाले."

"मग त्यांची माणसं शोधायची. झोन नसता तर तुमच्यांचं जे झालं असतं, ते त्यांचं झालंय. त्यातल्या जितक्यांनी दुसरीकडे तेवढ्याच पगाराचं काम शोधलं, तितक्या प्रमाणात तुमचेही तरले असते. उरलेल्यांना झोनने तारलं." तिने पेन उचललं. "पत्ते आहेत?"

"पत्ते नाहीत. ओळखी आहेत. बरोबर यावं लागेल मला."

"शनिवारी मोकळे आहात?"

हा प्रश्न निव्वळ संशोधनपद्धतीचा भाग होता, असं किर्तीने स्वतःला बजावलं. दोनदा बजावावं लागलं, तिथेच खरं तर काय ते समजायला हवं होतं.

असे पाच शनिवार झाले, दर शनिवारी सकाळपासून रात्रीपर्यंत दहा-पंधरा माणसं गाठत.

पहिल्या शनिवारी रे रोडच्या लाकडाच्या वखारीत. तिथे लेबलं कापणारा एक जण आता सागाच्या फळ्या मोजत होता. ओल्या लाकडाचा वास, वर पत्र्यावर रपरप पाऊस. किर्ती वाकून लिहीत होती.

"तुमचं... लेबल बाहेर आलंय," राजस हळूच म्हणाला.

"काय?"

"कुर्त्याचं. मानेपाशी."

तिचे दोन्ही हात भरलेले. "मग घाला आत."

दोन बोटं, क्षणभर. तिच्या मानेला वाऱ्यासारखं काहीतरी लागून गेलं... आणि हातातल्या वहीवर तिने तीन ऐवजी आठ लिहिले.

"आमचं नाही हे," तो म्हणाला. आवाज जरा जड. "कड गरम ब्लेडने कापलीय. टोचत असेल दिवसभर. आम्ही घडी घालतो."

"माझी मान टोचते याची तुम्हाला काळजी?"

"धंद्यापुरती."

"हं. धंद्यापुरती," किर्ती म्हणाली आणि आठाचे तीन केले.

दुसऱ्या शनिवारी गिरगावात, तिसऱ्याला दादरला. दादरला तर तो तिला स्वतःहून एका माणसाकडे घेऊन गेला. चौथ्या गाळ्याचा मुकादम, आता स्वतःचा छपाईचा धंदा, हाताखाली पाच जण, भिंतीवर मोठा टीव्ही. झोनवाचून याचं काही अडलं नव्हतं. असा एकेक माणूस सापडला की राजसची बाजू लंगडी होत होती.

जिना उतरताना किर्तीने विचारलं, "याला वगळलं असतंत तर मला कळलंही नसतं."

"नसतं कळलं."

"मग?"

"मग एक शनिवार कमी झाला असता."

ती दोन पायऱ्या गाळून उतरली. खाली येईपर्यंत तुम्हीचं तू झालं होतं. कोणी केलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

चौथा शनिवार नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवसाचा. वरळीच्या एका टॉवरवर पूर्वी माग चालवणारा एक जण वॉचमन होता. त्याची मुलाखत संपवून निघाले तर कोळीवाड्याच्या तोंडाशी बकुळा उभी. श्रावणात गिरणगावातली गिऱ्हाइकं मासळीला शिवत नाहीत, त्यामुळे तिच्याकडे वेळच वेळ. आणि बकुळाकडे वेळ असणं ही लेकीच्या दृष्टीने चांगली गोष्ट नव्हती.

"ह्यो कोन गो?"

"कामाचा माणूस आहे, आई."

"कामाचा हाय का त्ये मी बघते ना." बकुळाने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. पापलेट बघताना लागते त्याहून दुप्पट वेळ लावला. "शावन पालतंस?"

"आई पाळते. म्हणून मीपण," राजस म्हणाला.

"आयसाठी पालतंस का तिच्या धाकानं?"

"निम्मं निम्मं."

बकुळा खो खो हसली. "खोटा नाय बोलत गो ह्यो. शावन सरला की ये रं जेवायला. उपाशी मानसाची पारख व्हत नाय."

"आई!"

"तुला कोन बोलवतंय? तू डबा घेऊन जा ऑफिसला."

पाचवा शनिवार शीवला. एका खोलीत चार जण जमवले होते. चौघेही सहाव्या गाळ्यातले. चौघांनाही तेव्हापासून धड काम नव्हतं. बाहेर सर कोसळत होती, दारात ओल्या चपलांचा ढीग. राजस त्यांच्यात मांडी घालून बसला होता. एकाच्या बायकोच्या ऑपरेशनची चौकशी केली, दुसऱ्याच्या मुलाला झोनमध्ये घ्यायचं कबूल केलं, तिसऱ्याने राजसच्याच बापाची नक्कल केली तेव्हा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. किर्ती त्याच्याकडे बघत राहिली. तासाभराने वही पाहिली तर वहीत चार नावं, आणि पुढे काही नाही.

तिने सगळं पुन्हा विचारून घेतलं, लिहून घेतलं. पण मनात रुखरुख राहिली. हे चौघे जमेला धरले तर राजसचा फायदा होता. आणि आपण त्या वेळी निष्पक्ष नव्हतो, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. रात्री शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं — 'मुलाखत घेणारीचं लक्ष नव्हतं. चारही मुलाखती धरू नयेत.'

मग आकडा निघाला. त्या चौघांना सोडून साठ जण सापडले होते. त्यातल्या एकोणचाळिसांनी दुसरीकडे तितकंच कमवायला सुरुवात केली होती. त्या प्रमाणात राजसच्या चौतिसांपैकी बावीस जण झोनशिवायही तरले असते. झोनने खरे तारले ते बारा. त्यात नवीन भरतीचे सात मिळवले. एकोणीस.

एक्केचाळिसांतले खरे एकोणीस. निम्म्याहून कमी.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "माझ्या हिशेबाने विसाच्या आत येतंय. बरोबर?"

"सांगता येत नाही मला, राजस."

"नको सांगूस. आवाजावरून कळलं." पलीकडे मागांचा खडखडाट चालूच होता. "चहा प्यायलीस?"

"एवढंच विचारायचंय तुला?"

"बाकीचं विचारलं तर तुला वाटेल, आकड्यासाठी विचारतोय."

किर्तीने फोन ठेवला. हा माणूस गप्प बसला होता, आणि तो गप्प बसला म्हणून तिलाही गप्प बसावं लागत होतं. हे तिच्या स्वभावाला परवडणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गौतमने फाईल उघडली. गौतम म्हणजे संस्थेतला फेरतपासणी करणारा. त्याच्या हातून स्वल्पविरामही सुटत नसे.

"हे काय लिहिलंयस? मुलाखत घेणारीचं लक्ष नव्हतं. तुझं? तू तर लग्नाच्या पंगतीतसुद्धा किती पानं उठली ते मोजतेस. कुठे होतं लक्ष?"

किर्तीने फाईल मिटली.

"किर्ती?"

"तो फॉर्म दे," ती म्हणाली.

"कुठला?"

"हितसंबंध जाहीर करण्याचा."

गौतमचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. हा फॉर्म संस्थेत होता खरा, पण आजवर कोणी भरला नव्हता. शोधायलाच अर्धा तास गेला. पहिला प्रश्न, ज्या युनिटचं मूल्यमापन करत आहात, त्यातल्या व्यक्तीशी तुमचा वैयक्तिक संबंध आहे का? किर्तीने ठळक अक्षरात लिहिलं, 'होय.' दुसरा, कशा प्रकारचा? तिने पेनचं टोपण चावलं. मग लिहिलं, 'माझ्या बाजूने पक्का. दुसऱ्या बाजूची माहिती अद्याप गोळा केलेली नाही.' सही, तारीख.

गौतमने वाचलं, शिक्का मारला. "फाईल आता माझ्याकडे. तुझी सगळी गणितं मी परत करणार."

"कर."

"आणि याची एक प्रत युनिटला जाते."

"काय?"

"कलम आठ. मूल्यमापन करणारी व्यक्ती बदलली की कारणासकट कळवावं लागतं."

"गौतम, थांब... पाठवू नकोस, मी आधी—"

"मेल गेला," गौतम म्हणाला आणि चष्मा वर सरकवला.

तो आठवडा किर्तीने कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. राजसचा फोन नाही, मेसेज नाही. ती रोज ठरवायची, आपण फोन करायचा. आणि रोज तिला वाटायचं, निकाल लागेपर्यंत नको. तोही असंच म्हणून थांबला असेल तर? आणि तसं नसेल तर?

सोमवारी दुपारी गौतम तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "तू त्याला कमी दिलंस."

"काय?"

"शीवचे ते चौघे. मी स्वतः जाऊन भेटलो. प्रत्येक शब्द तू लिहिला होतास तसाच निघाला. तुझं लक्ष नव्हतं म्हणे! पक्षपात होऊ नये म्हणून तू उलटा पक्षपात केलास. चौघे धरले तर तारलेले बारा नाहीत, तेरा. एकूण वीस."

किर्ती ताडकन उठली. "वीस? आणि निम्मे म्हणजे—"

"साडेवीस." गौतमने पहिल्यांदाच नजर चुकवली. "अर्धा माणूस कमी पडतोय. मला विसाचे एकवीस करता येत नाहीत, किर्ती. पत्र तो घेऊन गेलाय मघाशी. खाली असेल अजून."

ती जिन्याने धावली. संस्थेची इमारत म्हणजे एके काळच्या गिरणीचं आवार. जुन्या दगडी भिंतीशी बदामाच्या झाडाखाली राजस उभा होता. पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं होतं, पानांवरून अजून टपटप चालू होतं. दाढी केलेली. त्याच्या हातात दोन कागद होते.

"मी मुद्दाम कमी नाही धरले," ती धापा टाकत म्हणाली. "म्हणजे... मुद्दामच. पण—"

"वाचलं मी. गौतमसाहेबांनी तुझा शेराही जोडलाय." तो हसू दाबत होता. "मुलाखत घेणारीचं लक्ष नव्हतं. कुठे होतं?"

"तुझं नुकसान झालंय आणि तू हे विचारतोस?"

"तीन वर्षं मिळालीत. नवीन माग नाही घेता येणार, जुनेच चालवू. बुधाजीकाका म्हणाले, मशीनपेक्षा ते स्वतः जुने आहेत आणि अजून चालतायत." त्याने पहिला कागद खिशात घातला. "आणि खरं सांगू, वीस हा आकडा माझ्या एक्केचाळिसांपेक्षा बरा वाटतो. हा कोणालाही छातीठोक सांगता येतो."

"आठवडाभर फोन का नाही केलास?"

"फाईल उघडी होती. बंद व्हायच्या आधी बोललो असतो तर ते अर्जासारखं झालं असतं." त्याने दुसरा कागद पुढे केला. तिचाच फॉर्म. दुसऱ्या बाजूची माहिती अद्याप गोळा केलेली नाही, या ओळीखाली निळ्या शाईत त्याचं अक्षर. 'रे रोडच्या वखारीपासून पक्का. — रा. घाडीगावकर.' शेजारी युनिटचा गोल शिक्काही होता.

किर्तीने ती ओळ दोनदा वाचली. आकडा पुन्हा तपासावा तशी. "शिक्का कशाला?"

"तुझ्या संस्थेला पुरावा लागतो."

तिने त्याचा हात धरला. भर दुपारी, परळमध्ये, संस्थेच्या चार मजल्यांच्या खिडक्यांसमोर. वर कुठेतरी खिडकी सरकल्याचा आवाज आला. तिने मान वर केली नाही.

"तीन वर्षांनी परत मोजणार ना आम्हाला?" राजसने विचारलं. "तेव्हा एकवीस काय, तीस दाखवतो. ये तू."

"मी नाही येणार."

"का?" त्याचा चेहरा पडला.

"कलम सहा." तिने दुसऱ्या हाताने फोन काढला. "नातेवाइकांच्या युनिटचं मूल्यमापन करता येत नाही."

बीकॉम सेकंड क्लासला गणित सुटायला जरा वेळ लागला. तोवर किर्तीने गौतमला मेसेज पाठवूनही टाकला होता — 'घाडीगावकर युनिटच्या पुढच्या पाहणीसाठी आजच दुसरं माणूस नेम. मी उपलब्ध नाही. कायमची.'